सायकलचं हेल्मेट: माप, फोम, पट्टे आणि डोक्यावरची बैठक

पावसाळ्यात बेळगावात टिळकवाडीचं रेल्वे गेट ओलांडताना सायकल तिरकी घातली की पुढचं चाक ओल्या रुळावरून सरकतं आणि माणूस कुशीवर आडवा होतो. वेग असतो ताशी दहा-बारा किलोमीटर. पण डोकं जमिनीपासून दीड मीटर उंच असतं आणि तेवढ्या उंचीवरून ते खाली येतं. सायकल हळू चालली होती की जोरात, याचा त्या आपटण्याशी फारसा संबंध नसतो. ‘मी काय रेस लावतोय? मार्केटपर्यंत तर जायचंय’ असं म्हणून हेल्मेट घरी ठेवणाऱ्यांनी हा दीड मीटर नीट लक्षात घ्यावा.

दीड मीटरवरून सुटलेली वस्तू जमिनीला टेकते तेव्हा तिचा वेग सेकंदाला साधारण ५.४ मीटर, म्हणजे ताशी साडेएकोणीस किलोमीटर झालेला असतो. माणसाचं डोकं साडेचार-पाच किलोचं. एवढं वजन या वेगानं येऊन किती अंतरात थांबतं, त्यावर इजा ठरते. हिशेब सोपा आहे: पडण्याची उंची भागिले थांबायला मिळालेलं अंतर. उघडं डोकं डांबरावर आपटलं आणि दोन मिलिमीटरमध्ये थांबलं, तर धक्का गुरुत्वाकर्षणाच्या ७५० पट. तेच डोकं वीस मिलिमीटरमध्ये थांबलं, तर ७५ पट. ही सरासरी झाली, ऐन क्षणाचा धक्का याहून जास्त असतो. पण दोन आकड्यांतला दहापटीचा फरक तोच राहतो. हेल्मेट तुम्हाला हे वीस मिलिमीटर देतं.

कवचाच्या आत जो जाड पांढरा किंवा काळा थर असतो, त्याचं नाव ईपीएस. गणपतीच्या मखराला वापरायचो तोच थर्माकोल, पण पुष्कळ घट्ट केलेला. सजावटीच्या थर्माकोलचं वजन घनमीटरला पंधरा-वीस किलोच्या घरात असतं, हेल्मेटमधल्याचं साठ ते शंभर किलो. हेल्मेट उलटं धरून हवेच्या भोकाची कड उजेडात पाहिली, तर चिरमुरे एकमेकांना चिकटवून दाबून बसवावेत तसे त्याचे दाणे दिसतात. प्रत्येक दाण्यात हवेच्या बारीक कोठड्या असतात. डोकं आपटलं की त्या चिरडतात आणि चिरडता चिरडता धक्क्यातली ऊर्जा संपवतात. चिरडलेला दाणा पुन्हा पहिल्यासारखा फुगत नाही, त्यामुळे एका जागी मोठा मार एकदाच झेलता येतो.

मऊ स्पंजाला हे काम जमत नाही. तो पहिल्या झटक्यातच पुरता दबतो आणि उरलेला सगळा धक्का कवटीला जातो, वर तो डोकं उलटं उसळवतो ते वेगळंच. चांगल्या हेल्मेटमध्येही कापडात शिवलेल्या पाच-सहा मिलिमीटरच्या मऊ गाद्या असतात, पण त्या घाम टिपायला आणि कडा टोचू नयेत म्हणून. रस्त्याकडेला तीनशे-चारशेला मिळणाऱ्या काही हेल्मेटांत प्लास्टिकचं भांडं आणि आत नुसता स्पंज असतो. तिथं ईपीएस शोधा. दिसला नाही तर ते हेल्मेट खाली ठेवा, रंग कितीही छान असला तरी.

वरचं कवच बहुधा पॉलिकार्बोनेट या कणखर प्लास्टिकचं, कागदी पुठ्ठ्याहून थोडंच जाड. फोमला एकत्र धरून ठेवणं आणि रस्त्यावर डोकं अडकू न देता घसरू देणं, ही त्याची दोन कामं. हे कवच फोमवर दोन पद्धतींनी बसवतात. स्वस्त पद्धतीत फोम वेगळा आणि कवच वेगळं बनवून कडेनं टेप किंवा गोंदानं जोडतात. दुसरीत कवच आधीच साच्यात ठेवून ईपीएसचे दाणे वाफेनं त्याच्यातच फुगवतात, म्हणजे दोन्ही एकजीव होतात. उद्यमबागेतल्या कारखान्यांत साच्यांच्या कामावर असणाऱ्यांना यातला फरक लगेच कळेल. दुसऱ्या पद्धतीचं हेल्मेट हलकं असतं, त्यात हवेची भोकं मोठी ठेवता येतात आणि पडल्यावर फोमचे तुकडे सहसा विखरत नाहीत. दुकानात ओळखायचं तर कवचाच्या खालच्या कडेला नख घालून पाहा. कड सुटत असेल किंवा आत पोकळ वाजत असेल तर तो नमुना नको.

आतला स्टिकर

सायकल हेल्मेटवर आत, बहुधा मागच्या बाजूला, एक छोटा स्टिकर असतो. त्यावर ‘ईएन १०७८’ लिहिलेलं असेल तर ते युरोपच्या मानकाप्रमाणे तपासलेलं आहे. त्या चाचणीत हेल्मेट घातलेलं धातूचं डोकं सपाट लोखंडी ऐरणीवर सेकंदाला ५.४२ मीटर वेगानं आणि फुटपाथच्या कडेसारख्या धारेवर ४.५७ मीटर वेगानं पाडतात. आतल्या डोक्याला बसणारा धक्का गुरुत्वाकर्षणाच्या २५० पटींच्या आत राहावा लागतो. अमेरिकेच्या मानकाच्या स्टिकरवर ‘सीपीएससी’ ही अक्षरं असतात. १० मार्च १९९९ नंतर बनवलेल्या आणि तिथं विकल्या जाणाऱ्या प्रत्येक सायकल हेल्मेटला ते लागू आहे. त्यात पाडण्याची उंची दोन मीटर आणि मर्यादा ३०० पट. ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडचं ‘एएस/एनझेडएस २०६३’ही चालतं. यांतलं एक जरी असलं तरी पुरे. दोन असली तर उत्तमच. स्टिकरवर माप, वजन आणि बनवल्याचा महिना-वर्षही पाहून घ्या.

फसगत होते ती नुसत्या ‘सीई’ अक्षरांवर. युरोपात विकायच्या अनेक प्रकारच्या मालावर ती असतात. लहान मुलांसाठी गुडघ्या-कोपराच्या पॅडसह सेट मिळतात, त्यांतल्या काहींवर सीईबरोबर ‘ईएन ७१’ लिहिलेलं असतं. ते खेळण्यांचं मानक आहे. डोकं वाचवण्याची चाचणी त्यात नाही.

आपल्याकडं लोक आयएसआयची खूणही शोधतात. हेल्मेटवर ती खूण आणि ‘आयएस ४१५१’ असेल तर ते मोटारसायकल-स्कूटरचं हेल्मेट. घरात ते आहेच, मग सायकलवरही तेच घालावं का? पडल्यावर ते वाचवेल, यात शंका नाही. पण त्याचं वजन हजार ग्रॅमच्या पुढं, सायकलच्या हेल्मेटचं अडीचशे ते साडेतीनशे. येळ्ळूरचा राजहंसगड चढताना ते डोक्यावर दहा मिनिटंही राहायचं नाही. कान झाकल्यामुळं मागून येणारी गाडीही नीट ऐकू येत नाही. उलटा प्रकार मात्र कधीच करू नका: सायकलचं हेल्मेट घालून स्कूटर चालवू नका. मोटार वाहन कायद्याचं हेल्मेटसक्तीचं कलम १२९ दुचाकी मोटारगाडीसाठी आहे आणि सायकलचं हेल्मेट त्या वेगासाठी बनवलेलंच नाही. कारखान्यात मिळणारी पिवळी टोपीही सायकलवर उपयोगाची नाही. ती वरून पडणाऱ्या वस्तूसाठी असते. कपाळाला आणि कानाच्या वर तिच्यात चिरडणारा फोम नसतो, आणि सायकलवरून पडताना मार बसतो तो बऱ्याचदा तिथंच.

बेळगावात स्केटिंग करणारी पोरं पुष्कळ. त्यांची गोल, जाड कवचाची हेल्मेटं सायकलवर चालतात का, असं पालक हमखास विचारतात. ईएन १०७८ हे मानकच सायकल, स्केटबोर्ड आणि रोलर स्केट या तिन्हींसाठी आहे. स्टिकर असेल आणि आत ईपीएस असेल तर खुशाल वापरा. फक्त त्यांत भोकं कमी असतात, उन्हाळ्यात घाम जास्त येतो.

डोकं कसं मोजायचं

इथून पुढचा भाग सावकाश वाचा. मानकाचा स्टिकर असलेलं हेल्मेटही डोक्यावर सैल किंवा मागं कललेलं असेल तर आपटण्याच्या आधीच जागेवरून सरकतं, आणि त्या वीस मिलिमीटरचा काही उपयोग होत नाही. जे हेल्मेट टोचतं, दाबतं, गरम होतं, ते माणूस सैल करतो, मागं सारतो, शेवटी हँडलला अडकवतो. म्हणून आरामाला दुय्यम समजू नका. नीट बसलेलं हेल्मेटच संरक्षण देतं आणि डोक्यावर टिकतंही तेच.

शिंप्याकडची मऊ टेप घ्या. नसेल तर सुतळी गुंडाळून ती पट्टीवर मोजा. टेप भुवयांच्या वर दोन बोटं, दोन्ही कानांच्या वरून, मागं डोक्याचा जो उंचवटा हाताला लागतो त्याच्यावरून न्या. आरशात पाहून टेप सगळीकडं एका पातळीत आहे ना ते बघा. दोन-तीनदा मोजा आणि सगळ्यांत मोठा आकडा धरा. बऱ्याच मोठ्या माणसांचं माप ५४ ते ६० सेंटिमीटरच्या मध्ये येतं. कंपन्या ‘एम’ म्हणून ५५ ते ५९ देतात, कुणी ५४ ते ५८. म्हणजे अक्षरावर जाऊ नका, स्टिकरवरचे सेंटिमीटर वाचा. तुमचं माप दोन आकारांच्या सीमेवर असेल तर दोन्ही घालून बघा. बहुतेकांना त्यांतलं लहान जास्त नीट बसतं, पण दाबत असेल तर मोठं.

माप जुळूनही हेल्मेट बसत नाही, कारण डोक्याचा आकार वेगळा असतो. कुणाचं डोकं वरून पाहिलं तर पुढून मागं लांबट, कुणाचं गोल. लांबट डोक्यावर गोल हेल्मेट घातलं तर कपाळ आणि मागची बाजू दाबते, कानांवर मात्र बोट सहज शिरेल एवढी फट राहते. गोल डोक्यावर लांबट हेल्मेट घातलं तर उलटं होतं: कानशिलं आवळतात, पुढं-मागं जागा रिकामी. हेल्मेटच्या मागं आतली पकड आवळायचं छोटं चाक असतं, ते फिरवून हा दोष जात नाही आणि गाद्या वाढवूनही नाही. दुकानदार म्हणेल, ‘चाक आवळा की, बसतंय बघा.’ ऐकू नका, दुसरं मॉडेल मागा.

बसवण्याची पद्धत

आधी हेल्मेटचं मागचं चाक पूर्ण सैल करा. हेल्मेट डोक्यावर सपाट ठेवा, पुढची कड भुवयांपासून दोन बोटं वर. चाक न आवळताच ते सगळ्या बाजूंनी डोक्याला टेकलं पाहिजे. कुठं अधांतरी, कुठं रुतलेलं असं नको. मग चाक हळूहळू फिरवा. ते डोक्याला सगळीकडून धरतंय पण ठणकत नाही, इथं थांबा. पट्टा न लावता मान खाली घालून हलकेच हलवा. पडता कामा नये. हेल्मेट दोन्ही हातांनी धरून डावी-उजवीकडं फिरवा: कपाळाची कातडी त्याच्याबरोबर सरकली तर पकड बरोबर आहे, कातडी जागेवर आणि हेल्मेट फिरतंय तर सैल.

बऱ्याच हेल्मेटांत मागची पकड वर-खाली करता येते, आत खाचा असतात. ती डोक्याच्या मागच्या उंचवट्याच्या खाली जाऊन बसली पाहिजे. उंचवट्यावर बसली तर हेल्मेट दर खड्ड्याला वर उचललं जातं. ही खाच फार थोडे लोक बघतात आणि मग ‘हे डोक्यात बसत नाही’ म्हणून चांगलं हेल्मेट परत करतात.

आता पट्टे. प्रत्येक बाजूला पुढचा आणि मागचा असे दोन पट्टे कानाखाली एका चपट्या क्लिपमध्ये एकत्र येतात. ही क्लिप कानाच्या पाळीच्या अगदी खाली, बोटभर अंतरात हवी. पुढचा पट्टा जवळजवळ सरळ खाली यावा, मागचा तिरका, आणि कान दोघांच्या मधे मोकळा. दोन्ही बाजूंच्या क्लिपा एका उंचीवर आहेत ना ते आरशात पाहा. त्यानंतर हनुवटीखालचं बकल ‘टक्’ आवाज येईपर्यंत दाबा आणि पट्टा इतका ओढा की खाली एक, फार तर दोन बोटं जातील. जांभई दिल्यासारखं तोंड मोठ्ठं उघडा. हेल्मेट डोक्यावर किंचित खाली ओढलं गेलं तर पट्टा बरोबर.

शेवटची परीक्षा तळव्यानं. समोरून हेल्मेटची कड वर-मागं ढकला. कपाळ उघडं पडत असेल तर पुढचे पट्टे आखूड करा. मागून वर-पुढं ढकला. हेल्मेट डोळ्यांवर येत असेल तर मागचे पट्टे आखूड करा. दोन्हीकडून बोटभरापेक्षा जास्त हलायला नको. सगळ्यांत जास्त दिसणारी चूक म्हणजे टोपी मागं सारावी तसं कपाळ उघडं ठेवून घातलेलं हेल्मेट. पुढं तोंडावर पडलं तर कपाळच आधी लागतं.

हे सगळं झाल्यावर हेल्मेट काढू नका. दुकानात दहा-पंधरा मिनिटं तसंच घालून फिरा, सायकलवर बसल्यासारखं वाका, मान वर करून समोर बघा. रेसिंग हँडलच्या सायकलवर मान जास्त वर करावी लागते, तेव्हा मागची कड मानेला आणि पुढची कड नजरेला आड येते का ते तपासा. मग काढून आरशात कपाळ बघा. सगळीकडं हलकी रेघ असली तर चालेल. एकाच ठिकाणी लाल वण असेल तर पाऊण तासाच्या रपेटीत तिथं ठणका लागणार.

केस, टोप्या, चष्मा

आपल्याकडं हेल्मेट न बसण्याचं एक कारण डोक्यावर आधीच काहीतरी असणं. अंबाडा वर बांधला की हेल्मेट पुढं झुकतं. वेणी मानेशी, पकडीच्या खाली यायला हवी. गजरा आणि मोठे क्लिप काढून ठेवा. टोकदार पिना हेल्मेटखाली ठेवणं तर धोक्याचं आहे, आपटल्यावर त्या कातडीत घुसतात. ओढणी चेहऱ्याभोवती गुंडाळायची असेल तर डोक्यावर एकच पातळ पदर येऊ द्या आणि पट्टा ओढणीवरून लावून पुन्हा जांभईची परीक्षा करा. डिसेंबर-जानेवारीत सकाळी बोचरी थंडी असते, लोक लोकरीची कानटोपी घालून वर हेल्मेट चढवतात. लोकर दाबली जाते, मग हेल्मेट तिच्यावरून सरकतं. पातळ कापडाची घट्ट टोपी किंवा कानपट्टी चालते, पण ती घालून चाक आणि पट्टा नव्यानं जुळवायचा. खेड्यांतून बाजाराला सायकलवर येणाऱ्या आजोबांची गांधी टोपी तेवढ्यापुरती खिशात. चष्म्याच्या काड्या पट्ट्यांच्या बाहेरून घ्या, म्हणजे पडल्यावर चष्मा निघून जाईल, चेहऱ्यात रुतणार नाही.

ऊन, पाऊस आणि हवा

भोकांची संख्या मोजू नका. हेल्मेट उलटं करून आतल्या पन्हाळी बघा. पुढच्या भोकातून शिरलेली हवा डोक्यावरून वाहून मागच्या भोकातून निघायला खोल पन्हाळ लागते. पन्हाळ नसेल तर वीस भोकं असूनही डोकं तापतं. चिकोडी-रायबागकडं एप्रिलच्या दुपारी किंवा तवंदीच्या घाटात चढावर वेग ताशी आठ-दहा किलोमीटर असतो, तेव्हा वारा फारसा लागत नाही. कपाळावरची भोकं मोठी असलेलं आणि कपाळाची गादी रुंद असलेलं हेल्मेट इथं सुखाचं. पुढच्या भोकांना आतून बारीक जाळी असेल तर आणखी चांगलं: मोहराच्या दिवसांत मधमाशी आत शिरली की उतारावर हात सुटतो.

खानापूर, जांबोटी, कणकुंबीचा पाऊस चार महिने गाद्या वाळू देत नाही. त्यांना बुरशी धरते, वास येतो, कपाळावर पुरळ उठतं. गाद्या वेलक्रोवर असतात. काढून साध्या साबणानं धुवा आणि पंख्याखाली वाळवा. जादा गाद्यांचा एक संच असलेलं हेल्मेट घेतलं तर पावसाळ्यात सोय होते. रेनकोटची टोपी हेल्मेटवरून घेऊ नका, मागं वळून बघताना डोळे टोपीतच राहतात.

रंग उजळ घ्या. पिवळा, पांढरा, केशरी. जांबोटी रोडवर झाडीत आणि उसाच्या हंगामात संध्याकाळी दोन ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरवाल्याला काळं हेल्मेट दिसतच नाही. मागं छोटा लाल दिवा लावायची खाच असेल तर तिचा उपयोग करा.

आतली सरकती जाळी आणि किंमत

बऱ्याच हेल्मेटांवर ‘मिप्स’ असा छोटा पिवळा गोल दिसतो. स्वीडनमध्ये निघालेली ही रचना आहे. माणूस पडतो तो सरळ खाली क्वचितच. चाकाला वेग असतो, त्यामुळं डोकं तिरकं आपटतं आणि गर्रकन फिरतं. मेंदू कवटीत तरंगता असतो, या फिरण्यानं तो आतल्या आत पिळला जातो. कवटी न फुटताही माणूस बेशुद्ध पडतो, चार दिवस चक्कर येते, ती अशा माराची लक्षणं असू शकतात. मिप्समध्ये फोम आणि डोकं यांच्या मधे प्लास्टिकचा जाळीसारखा पातळ थर रबरी बटणांवर टांगलेला असतो. तो आपटताना दहा-पंधरा मिलिमीटर सरकतो आणि फिरण्याचा काही भाग स्वतःवर घेतो. घरी तपासायचं तर हेल्मेट धरून आतला थर बोटांनी हलवा, तो किंचित सरकतो. दुसऱ्या कंपन्यांच्या वेगळ्या रचनाही आहेत.

वर सांगितलेली मानकं सरळ धक्का तपासतात, फिरणं नाही. ते तपासून तारे देण्याचं काम अमेरिकेतलं व्हर्जिनिया टेक विद्यापीठ सायकल हेल्मेटांसाठी २०१८ पासून करतं आणि यादी इंटरनेटवर फुकट बघता येते. तारे जास्त हवेत, पण सोबत दिलेले गुण जितके कमी तितकं हेल्मेट चांगलं. महाग म्हणजे जास्त तारे असं तिथं आढळत नाही.

तेव्हा पैशाचं असं करा. मानकाचा स्टिकर असलेलं, साच्यातच एकजीव केलेलं हेल्मेट साधारण हजार-दीड हजारात मिळतं. शाळा, कामधंदा, बाजारहाट यासाठी तेवढं भक्कम आहे. सरकती जाळी हवी तर खर्च दुपटी-तिपटीवर जातो. परवडत असेल आणि वैजनाथ किंवा चोर्ला घाटाच्या उतारावर नेहमी जाणं असेल तर जरूर घ्या. त्याहून वरची किंमत बहुधा वजन शंभरेक ग्रॅमनं कमी करायला आणि हवेचा रोध घटवायला जाते. दोन हजारांचं नीट बसणारं आणि आठ हजारांचं कानशिलं आवळणारं, यांत पहिलंच घ्या.

एक मर्यादा स्पष्ट सांगायला हवी. चोर्ल्याच्या उतारावर ताशी पन्नासनं जाताना समोरून गाडीवर आदळलं तर कोणतंही सायकल हेल्मेट त्या धक्क्यासाठी बनवलेलं नाही. ब्रेक, वेग आणि नजर यांची जागा ते घेत नाही.

पोरांचं हेल्मेट

कर्नाटकात २००६-०७ मध्ये सुरू झालेल्या योजनेतून आठवीच्या पोरींना, मग पोरांनाही सायकली मिळाल्या. गावोगावच्या घरांत सायकल आली, हेल्मेटचा विचार मात्र क्वचितच झाला. आता जे पालक घेतात ते शर्ट-पँटसारखं ‘वाढत्या अंगाचं’ घेतात. हेल्मेटच्या बाबतीत हे करू नका. मोठं हेल्मेट पडताना मागं सरकतं आणि पट्टा गळ्याशी येतो. पोराचं डोकं पाचव्या वर्षानंतर फार हळू वाढतं, आणि मागच्या चाकाचा पल्ला चार-पाच सेंटिमीटरचा असतो. म्हणजे आज नीट बसणारं, चाकाला वाव उरलेलं हेल्मेट आरामात तीन-चार वर्षं जातं. आतमध्ये कापड किंवा स्पंज कोंबून मोठं हेल्मेट बसवणं हा उपाय नाही. वर सांगितलंच, स्पंज पहिल्या झटक्यात दबतो.

बकल लावताना हनुवटीखालची कातडी चिमटली जाते आणि मग पोर कायमचं हेल्मेटला घाबरतं. बकलमागं कापडाची जीभ असलेलं किंवा चुंबकाचं बकल असलेलं घ्या, आणि लावताना आपलं एक बोट मधे ठेवा.

सायकलवरून उतरलं की हेल्मेट काढायची सवय लावा. पेरूच्या झाडावर किंवा बागेतल्या घसरगुंडीवर हेल्मेट घालून चढलेल्या पोराचं हेल्मेट फटीत अडकलं तर पट्ट्यानं गळफास बसू शकतो. अगदी लहान मुलांसाठी युरोपात ‘ईएन १०८०’ हे वेगळं मानक याच कारणानं आहे. त्यात असा ताण आला की बकल आपोआप सुटतं. एक वर्षाच्या आतल्या बाळाची मान हेल्मेटचं वजन पेलत नाही, त्याला सायकलवर बसवूच नये.

जपणूक, आणि कधी टाकायचं

उन्हात उभ्या केलेल्या बंद गाडीत काचेमागं हेल्मेट ठेवलं की कवचावर फोड येतात आणि फोम आतून सुटतो. ओलं झालं म्हणून चुलीवर किंवा हीटरजवळ टांगू नका. पेट्रोल, थिनर, रॉकेल, स्प्रे पेंट यांनी ईपीएस आणि कवच विरघळतात किंवा कमकुवत होतात, वरून दिसत नसलं तरी. साफ करायला पाणी आणि अंघोळीचा साबण. दुरुस्तीसाठी नवं भोक पाडणं, तुटलेला पट्टा गाठ मारून चालवणं, चीर फेविक्विकनं चिकटवणं, यांतलं काहीही करू नका.

खुंटीवरून रिकामं हेल्मेट खाली पडलं तर बहुधा काही होत नाही, कारण आत पाच किलोचं डोकं नव्हतं. तरी गाद्या काढून फोमवर बारीक चीर आहे का ते उजेडात फिरवून पाहा. डोक्यावर असताना आपटलं असेल तर मात्र वरून कितीही धड दिसो, ते निवृत्त करा. कवच लवचिक असल्यामुळं पूर्वपदावर येतं आणि खालचा चिरडलेला भाग झाकला जातो. कुणाचं जुनं हेल्मेट विकत घेऊ नये ते याचसाठी. आणि डोक्याला मार लागल्यावर उलटी, सतत वाढणारी डोकेदुखी, झापड, बोलण्यात गोंधळ यांतलं काही दिसलं तर हेल्मेट होतं म्हणून निर्धास्त राहू नका, लगेच दवाखाना गाठा.

न पडताही हेल्मेट म्हातारं होतं: घाम, ऊन, केसांचं तेल. कंपन्या बहुधा तीन ते पाच वर्षं सांगतात, अमेरिकेचा ग्राहक सुरक्षा आयोग पाच ते दहा. रोज उन्हापावसात वापरत असाल तर पाच वर्षं धरा. त्याआधी बकल ‘टक्’ वाजेनासं झालं, पट्ट्याचे धागे सुटले, मागचं चाक आपोआप सैल व्हायला लागलं किंवा कवच फोमपासून उचललं गेलं, तरी बदला. टाकताना पट्टे कात्रीनं कापून टाका, नाहीतर कुणीतरी ते उचलून दुसऱ्या पोराच्या डोक्यावर चढवेल.